शिवणमावशी आली नव्हती

शिवणमावशी माणसं पाठीवरून ओळखायची. चेहरा विसरेल, नाव तर हमखास विसरेल. पण कुणाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलाय, कुणाची मान पुढे कलते म्हणून कोटाची कॉलर मागून उघडी पडते, हे एकदा नजरेत बसलं की बसलं. धंदाच तसा होता. नवे कपडे ती शिवत नसे, लोकांचे वापरातले कपडे दुरुस्त करून द्यायची. विजारी आखूड करणं, कंबर सैल करणं, बिघडलेल्या चेन बदलणं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या शर्टांच्या कॉलरी पलटणं. हे शेवटचं काम आता फारसं कुणी करत नाही. कॉलर मानेशी घासून विरली की ती अलगद उसवायची, उलटी करायची, विरलेली बाजू आत घालून पुन्हा टीप मारायची. शर्ट आणखी काही वर्षं निघतो, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. दार इतकं बुटकं की आत येणाऱ्याला वाकावंच लागे. मावशी म्हणायची, "देवापुढे न वाकणारेसुद्धा माझ्यापुढे वाकतात." मागे तेवढीच एक खोली राहण्याची. तिथे पूर्वी दोन पलंग होते. आई गेल्यावर एक काढून टाकला आणि त्या जागेवर मोकळी फरशी राहिली. तिथे ती काही ठेवायची नाही आणि तिथून चालायचीही नाही, वळसा घालून जायची. थोरली बहीण दूरच्या शहरात. तिचा फोन यायचा, तब्येतीचं विचारून व्हायचं, दोघींनाही पुढे सुचायचं नाही.

रविवारी मावशी चर्चला जायची आणि सगळ्यांत शेवटच्या बाकावर दाराशेजारी बसायची. आईचे गुडघे दुखायचे, मधेच उठून पाय मोकळे करता यावेत म्हणून मायलेकी तिथे बसत. आई गेली तरी मावशीने जागा सोडली नाही. तिथून सगळ्या मंडळीच्या पाठी दिसत. पहिलं गीत संपेपर्यंत तिच्या ध्यानात आलेलं असायचं की आज कुठली पाठ नाही.

मग सोमवारी-मंगळवारी, दुकान आवरलं की ती त्या घरी जायची. हेही आईचंच. आई म्हणायची, "का आला नाहीत असं विचारायला जाऊ नये. माणूस आहे ना ठिकाणावर, एवढं बघायला जावं." म्हणून मावशी चर्चचं नावही काढत नसे. इकडूनच चालले होते, जरा पाणी द्या, एवढं म्हणून बसायची. समोरचा आपणहून बोलायला लागे. एका निवृत्त शिक्षिकेने नव्या कवळीपायी यायचं सोडलं होतं. उंच सूर लावला की कवळी निसटायची. "मग ओठ मिटून गुणगुणा," मावशी म्हणाली. "माझा आवाज ऐकलाय ना तुम्ही? देव तोही सोसतो." एकाची नोकरी सुटली होती आणि चारचौघांत बसावं असा त्याच्याकडे एकच शर्ट उरला होता, तोही गळ्याशी विरलेला. मावशीने तो काखेत मारून आणला आणि कॉलर पलटून परत नेला. पुढच्या रविवारी ती पाठ आपल्या जागेवर.

गंमत अशी की हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ज्याच्या घरी ती गेली त्याला माहीत. पण प्रत्येकाला वाटायचं, मावशी सहज म्हणून आपल्याकडे आली होती. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते काम आहे हेच कुणाच्या गावी नव्हतं.

मग एका रविवारी मावशीला ताप भरला.

सकाळी उठायला गेली तर खोली फिरली. पडून राहिली. सोमवारीही मशीन बंद. शेजारच्या चावीवाल्याने भिंतीवर किल्लीने टकटक केलं. "मावशी, आज टकटक नाही तुमची, म्हणून मी करतोय. बरं आहे ना?" तो गोळ्या आणून दारात ठेवून गेला. मावशी गोळी घेऊन पडली आणि जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून राहिली. वर जाणारी पावलं, खाली येणारी पावलं. वाकून आत येणारं एकही नाही. चावीवाल्याचं विचारणं तिने हिशेबात धरलंच नाही. तो काही मंडळीतला नव्हता.

पुढच्या रविवारी अंगात त्राण नसताना ती गेली. उपासना संपल्यावर चर्चचे पाळकसाहेब नेहमीप्रमाणे दारात हात मिळवत उभे होते. "काय मावशी," ते हसून म्हणाले, "मागच्या रविवारचं प्रवचन कसं वाटलं? तुम्ही अगदी मन लावून ऐकत होतात. वरून दिसतं हो आम्हाला."

"छान होतं," मावशी म्हणाली.

रस्त्याला लागली तेव्हा तिचे कान तापले होते. साहेबांना ती दिसली होती! नसताना दिसली होती. म्हणजे असली काय नि नसली काय, बाकाला जशी लाकडी पाठ असते तशी मागे मावशी असते, एवढंच. आणि वर आपण देवाच्या दारात उभं राहून धडधडीत खोटं बोललो. दोन्हींतलं कुठलं जास्त लागलं, ते तिला सांगता आलं नसतं.

घरी पोचेपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं. आता जायचंच नाही. बघू तरी, कुणाला कळतं का.

पहिल्या रविवारी सवयीने तिने आंघोळ केली, चांगला पोशाख घातला, वेणी घातली, आणि पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहिली. उपासना सुटायची वेळ झाल्यावर उठली आणि पोशाख घडी करून ठेवला. बाहेर डोकावली तर चावीवाला कानस घासत बसलेला.

"आज देवाला सुट्टी का मावशी?"

"देवाला नाही. मला."

"रजा मंजूर झाली का?"

"तू तुझ्या किल्ल्या घास."

तो घासत राहिला. मग म्हणाला, "भांडण झालंय का तिकडे कुणाशी?"

"नाही."

"मग तर जास्तच वाईट. भांडण असतं तर मिटलं तरी असतं."

मावशीने दार लोटून घेतलं.

असे रविवार जात राहिले. आठवडाभर मंडळीतली माणसं दुकानात येत. कुणी वाकून आत आलं की मावशीला वाटायचं, हा आता म्हणेल, मावशी, दिसला नाहीत! तो म्हणायचा, "मावशी, ही चेन बघा हो, अर्ध्यातच अडते." मग ती आपणहून आडून आडून बघायची. "रविवारी पंखे चालू होते का हो?" "होते की." "गीतं कुठली झाली?" त्यावर समोरची बाई हसली. "काय मावशी, परीक्षा घेता का माझी? तुमच्या पुढ्यातच तर होते मी."

रात्रीची प्रार्थना तिने सोडली नव्हती, पण ती आता तक्रारअर्जासारखी झाली होती. प्रभू, तू बघतोस ना? बघतोस तर त्यांना दाखव. एकदा तिच्या मनात आलं, आपण हे जे चालवलंय ते दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापून घेण्यापैकी आहे. पण कापलेलं नाक मागे कसं घ्यायचं, ते काही तिला सुचेना.

मग एका दुपारी पाळकबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, आल्या. पाळकसाहेबांचा झगा घेऊन.

"खालची दुमड उसवलीये, मावशी. पायऱ्या चढताना पाय अडकतो. पडले-बिडले म्हणजे लोक म्हणतील, पाळकच घसरला!" पाळकबाई स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसायच्या. माणूस मोकळं, मनात काही नसायचं. मनात काही ठेवायला त्यांना वेळच नसायचा. त्यांनी स्टूल ओढलं. मावशीने झगा मांडीवर घेतला, तोंडात टाचण्या धरल्या आणि दुमड घालायला लागली.

"हल्ली उपासनेला कसं छान वाटतं नाही?" पाळकबाई म्हणाल्या. "शांतता असते. साहेब तर खूश आहेत. प्रार्थनेचं शेवटचं वाक्य त्यांना आता पुरं करता येतं!"

मावशीचे हात थांबले. तिने टाचण्या तोंडातून काढल्या. "म्हणजे?"

"म्हणजे काय? तुमच्या लक्षात नाही आलं? मध्येच 'आमेन' नाही होत ते!"

मावशीला त्या क्षणी सगळं कळलं.

मध्येच आमेन म्हणणारं माणूस मंडळीत एकच होतं. सगळे त्यांना आमेनकाका म्हणत. जन्म बसच्या कंडक्टरकीत गेलेला. प्रवासी धड चढले-न चढले तोच दोरी ओढून घंटी द्यायची सवय, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. पाळकसाहेब प्रार्थनेत शेवटच्या वळणावर आले की काका खणखणीत आवाजात 'आमेन' म्हणून मोकळे होत, आणि साहेबांचं उरलेलं वाक्य हवेत लोंबकळत राही. पोरं खुसखुसायची. मोठी माणसं कपाळाला आठ्या घालायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एकटेच तिसऱ्या मजल्यावर राहत.

"किती दिवस झाले?" मावशीने विचारलं.

"कशाला?"

"आमेन बंद होऊन."

"झाले असतील थोडे रविवार. असं काय विचारता, तुम्ही असताच की तिथे." पाळकबाईंनी घड्याळ बघितलं. "अगं बाई, मला बैठकीला जायचंय. शनिवारी नेते हा झगा. येते हं." आणि वाकून बाहेर पडल्या.

खरं तर त्याच पावली मावशीने उठायला हवं होतं. पण माणसाचं मन मोठं नाठाळ. ती बसून राहिली. मला काय त्याचं, तिने स्वतःला बजावलं. एवढी मंडळी आहे, चर्चचे पंच आहेत, पाळक आहेत. आमेन ऐकू येत नाही म्हणून खूश होतात, तर का ऐकू येत नाही ते बघायला एकाने तरी जावं. आपण गेलो की पुन्हा तेच. पुन्हा सगळं सुरळीत, पुन्हा कुणाला काही कळणार नाही. तिने दुमड पुरी केली. टाके इतके घट्ट पडले की कापड चुरगळलं, आणि सगळी दुमड पुन्हा उसवावी लागली.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत बसली तेव्हा तिला हरवलेल्या मेंढराचा दाखला आठवला. लहानपणापासून ऐकलेला. मेंढपाळ बाकीची मेंढरं मागे ठेवून एकाच्या शोधात रानोमाळ हिंडतो. खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्या गोष्टीत मावशी मनातल्या मनात स्वतःला मेंढपाळाच्या जागी ठेवत आली होती. कुणाला बोलली नसती, पण होतं तसं. म्हणून तर राग होता. मेंढपाळच दिसेनासा झाला तर कळपातलं कुणी शोधायला जातं का, याचं त्या गोष्टीत काही म्हणजे काही लिहिलेलं नाही.

आणि आता बसल्या बसल्या तिला दुसरंच दिसलं. आपण मेंढपाळ कधीच नव्हतो. मेंढपाळ एकच, तो प्रभू. आपण आपलं एक मेंढरू, आणि तेही हरवलेलं नाही. वाट ठाऊक असून झुडपामागे दडून बसलेलं, आपल्याला कोण शोधतंय ते फांद्यांतून बघत. आणि पलीकडे खरोखरचं कुणीतरी खड्ड्यात पडलेलं असू शकतं.

तिला रडू आलं. पण निघाली ती दुसऱ्या दिवशीच, तेही दुपार उलटून गेल्यावर. तेवढा वेळ तिच्या अहंकाराने खाल्लाच.

काकांच्या इमारतीचा जिना अरुंद होता, कठडा हलत होता. तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर एक रिकामा डबा ठेवलेला. तिने कडी वाजवली.

"ढकला! उघडंच आहे!" आवाज तोच, कंडक्टरचा, पण चाक पंक्चर झाल्यासारखा.

काका पलंगावर होते. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, खाली दोन उशा. दाढी वाढलेली. विजार प्लास्टरवरून चढत नव्हती म्हणून कमरेला चादर गुंडाळलेली. पाण्याचा जग, रेडिओ, काठी, सगळं हाताच्या अंतरावर मांडलेलं. जिन्यावरून घसरले होते. खालच्या मजल्यावरची बाई दोन वेळा डबा ठेवून जायची आणि रिकामा घेऊन जायची, तेवढाच माणसाचा वावर.

काकांनी तिला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "आभार तुझे, प्रभू," ते म्हणाले. मग डोळे उघडून, "बऱ्या झालात तुम्ही?"

"मी?" मावशी दारातच थबकली.

"या ना, बसा. त्या खुर्चीवर. एक पाय डुगडुगतो तिचा, जरा डावीकडे बसा. चेहरा उतरलाय तुमचा. काय झालं होतं? टायफॉइड?"

"तुम्हाला कुणी सांगितलं मला काही झालंय म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? मी पडलो त्या आठवड्यात तुम्ही आला नाहीत. म्हटलं असेल काही काम. पुढच्या आठवड्यातही नाही. तेव्हाच ताडलं, मावशीच आजारी असणार. नाहीतर मी नाही आणि मावशी आली नाही, असं होईल का? बायको गेली तेव्हा मी घरातून बाहेर पडत नव्हतो, तेव्हा तुम्हीच आला होतात. पाणी मागितलंत. मी पाणी दिलं. बसलात, गेलात. पुन्हा आलात, पुन्हा पाणी. मी म्हटलं, या बाईच्या घरी नळ नाही की काय!"

ते हसायला गेले आणि पाय हलला तसे कळवळले.

"मग रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो," काका पुढे म्हणाले. "उठता येत असतं तर येऊन बघितलं असतं. नाव ठाऊक नाही मला तुमचं, फोन नंबरही नाही. शिवणमावशी असंच म्हणतो. त्याला कळत असेल."

मावशी डुगडुगत्या खुर्चीवर बसली. काहीतरी खोटं बोलून सुटता आलं असतं. ताप होता, हेही एका परीने खरंच होतं. पण एकदा 'छान होतं' म्हणून काय झालं ते तिने पाहिलं होतं.

"काका, मला काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "आधी एक आठवडा ताप होता, तेवढाच. नंतर मी ठणठणीत होते. रुसले होते मी."

"कुणावर?"

"सगळ्यांवर. मी आले नाही ते कुणाला कळलं नाही, म्हणून. बघत होते, कोण विचारतंय. आणि तुम्ही नाही आहात हे मला काल कळलं. कालच यायला हवं होतं. तेही नाही आले."

काकांनी मान भिंतीकडे वळवली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा दरवाजा आपटला. मावशी वाट बघत बसली. उठून जावंसं वाटत होतं, पण ती बसली.

"मी इथे पडून," काका भिंतीला म्हणाले, "तुमच्या तापासाठी देवाला साकडं घालतोय. आणि तुम्ही मशीन चालवत होतात."

"हो."

"मला राग आलाय."

"येणारच."

"तुम्ही म्हणा ना, चुकलं म्हणून."

"चुकलं, काका."

मग भिंतीकडूनच आवाज आला, "मग आज कशा आलात? गेला का रुसवा?"

मावशीने विचार केला. "नाही गेला. आहे अजून."

"मग?"

"घेऊनच आले."

काकांचे खांदे हलले. आधी तिला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते, मनाविरुद्ध, पाय हलू नये म्हणून चादर मुठीत धरून. "रुसवा घेऊन आली म्हणे," ते म्हणाले. "लगेजचं वेगळं तिकीट पडतं हो."

निघताना तिने टेप काढला आणि प्लास्टरचा घेर मोजून घेतला. काकांची एक विजार सोबत घेतली आणि आपला फोन नंबर त्यांना देऊन ठेवला.

तिथून ती तडक पाळकांच्या घरी गेली. पाळकबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. "अय्या, झगा एवढ्यात झाला?" म्हणाल्या.

"झगा झालाय, दुकानात आहे. मी दुसरं सांगायला आलेय." मावशी उभ्यानेच बोलली. "आमेनकाकांचा पाय मोडलाय. म्हणून आमेन बंद आहे. आणि मीही येत नव्हते. कित्येक रविवार. तुम्हाला कळलं नाही."

पाळकबाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. "पण तुम्ही तर मागे असता ना... नेहमीच असता."

"नव्हते. मला वाईट वाटलं त्याचं. सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, घरात बसून राहिले. आता सांगतेय."

पाळकबाईंचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. त्यांनी हात पदराला-टॉवेलाला कशालाच न पुसता मावशीचा हात धरला, ओल्या हातानेच. "काल मी हसले ना हो त्यावर," एवढंच म्हणाल्या.

पुढे व्हायचं ते झालं. रविवारी पाळकसाहेबांनी काकांचं नाव घेतलं आणि दुपारी तिसऱ्या मजल्यावर जत्रा भरली. हलत्या कठड्यावरून इतकी माणसं चढली की खालच्या बाईने डोकं बाहेर काढून विचारलं, "गेले की काय?" त्याच्या पुढच्या आठवड्यात निम्मी आली. मग दोघं-तिघं. माणसं वाईट नसतात, कामात असतात. पाळकबाई मात्र हल्ली पहिल्या गीताच्या वेळी मान वळवून मागे बघतात. कधी आठवण राहते, कधी नाही. मावशीने ते मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे जमतंच असं नाही. काही रविवार ती अजूनही सगळ्या पाठींकडे बघत बसते आणि तिला वाटतं, इथे मी कुणाची कोण? मग ती प्रार्थनेत तेच सांगते, जसंच्या तसं. तक्रार म्हणून नाही, आईला सांगावं तसं.

काकांकडे ती नेमाने जायला लागली. विजारीचा उजवा पाय तिने बाहेरच्या शिवणीवर मांडीपर्यंत उघडला होता. शिवणीत मूळ शिंप्याने बरीच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवली होती, ती सोडून वर कापडाची पट्टी जोडली आणि बटणं लावली. काका ती विजार घालून पलंगावर राजासारखे बसत आणि बटणं सरळ लागली नाहीत म्हणून तक्रार करत. "कंडक्टरला शिस्त लागते," ते म्हणत. "मग स्वतः शिवा," मावशी म्हणे. दोघांचं पटायचं असं नाही. रेडिओवरच्या बातम्यांवरून, देवाच्या इच्छेवरून, खिडकी उघडी असावी की बंद, यावरून वाद व्हायचे.

अशाच एका संध्याकाळी वाद जरा लांबला आणि बाहेर अंधारून आलं. मावशीने पिशवी उचलली.

"दिवे गेलेत पलीकडच्या रस्त्यावरचे," काका म्हणाले. "जपून जा. आणि पोचलात की सांगा."

"हो," ती म्हणाली आणि जिना उतरली.

रस्ता काळोखाचा होता, पण पायाखालचा होता. ती घरी आली, कुलूप काढलं, वाकून आत शिरली. दिवा लावला. पाणी प्यायली. चहा ठेवावा की नाही या विचारात होती, तेवढ्यात फोन वाजला. या वेळी कुणाचा? बहिणीचा तर वार नव्हता. तिच्या मनात नको ते येऊन गेलं.

"हॅलो?"

"पोचलात का?" काकांचा आवाज, खणखणीत, रागावलेला.

"हो. पोचले की."

"मग सांगायचं कुणी? मी इथे फोन छातीवर ठेवून बसलोय! कुठे पडलात, कुणी धडकलं, काय समजायचं माणसाने? पाय धड असता तर निघालो असतो मी."

मावशी विसरली नव्हती. तिला कळलंच नव्हतं की ते खरंच सांगायचं असतं. आई गेल्यापासून ती रोज कुठून ना कुठून घरी पोचत होती, आणि पोचल्याचं सांगायला कुणीच नव्हतं. सवयच मोडून गेली होती.

"हॅलो? आहात का?"

"आहे," मावशी म्हणाली. फोन कानाशी धरून ती चालत चालत मागच्या खोलीत गेली आणि आईच्या पलंगाच्या जागच्या मोकळ्या फरशीवरच खाली बसली. "काका, रागावू नका. पोचले मी."